निळ्या तंबूची शिवण

प्रिय चिमे,

रविवारी तू यायच्या आत हे पत्र पोचावं. फोनवर मला धड बोलता येत नाही. तुझी आई म्हणायची, ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे चिमटा लागतो.

घर आहे तसंच आहे. तुझी आई गेल्याचं कळवूनही डोंगर चढणारी मुलं फाटके तंबू शिवायला दारात ठेवून जातात, "काका, आता तुम्हीच बघा," म्हणतात. मग मी बघतो. पसरलेल्या कापडांतून वाट काढत चहा करतो, ठिगळं कापतो, शिवतो, शिवणीवर गोंद लावतो. तिच्याइतकं नेटकं जमत नाही.

तुमचा निळा तंबू तिनं शेवटचा शिवला. तेव्हा तिचे हात थरथरत होते. मी चेष्टेनं म्हटलं, ही शिवण आहे की घाटातला रस्ता? ती म्हणाली, "अहो, पावसाला वाकडं-सरळ कळत नाही, भोक तेवढं कळतं." मग नेहमीसारखा तंबू गच्चीवर उभा केला. ती आत बसली, मी वरून झारीनं पाणी घातलं. "कोरडं आहे हो, पुरे," आतून आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिचा खांदा ओला होता. मी पाहिलं, आणि तंबूची घडी घालायला लागलो.

परवा फोनवर तू म्हणालीस, त्या तंबूला कुणी हात लावू नका, मुलं आजीच्या शिवणीखाली झोपतील. मला राहवेना. तंबू लावला, वर पाण्याची नळी बांधली आणि तिच्या जागी आत जाऊन बसलो. शिवणभर पाणी गळत होतं. तिला ते जाणवलं होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र तेव्हाच कळलं होतं.

चिमे, मी ती शिवण उसवली. टाका न् टाका. नवी घातली. आता थेंब येत नाही. जुना दोरा केरात गेला, जपून ठेवायचं सुचलंच नाही.

तुला न सांगता तंबू द्यायचा, असंच ठरवलं होतं. तुला फरक कळला नसता. पण तू वर बोट दाखवून मुलांना सांगशील, ही बघा आजीची शिवण, आणि ते खोटं असेल. तिला भिजलेली पाहून मी गप्प बसलो, तेवढं पुरे झालं. आताची शिवण माझी आहे. तंबू न्यावासा वाटला नाही, तरी तू ये.

तुझाच,
बाबा