इथले पाटकरी

नाना,

चँडलरच्या आमच्या घरामागचा कालवा तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आला होतात त्या मार्चमध्ये रोज सकाळी माकडटोपी घालून, तीही अ‍ॅरिझोनात, त्याच्या काठाने चालायचात. संत्र्याचं पान पाण्यात टाकायचं, घड्याळ बघायचं आणि पानाबरोबर चालत सुटायचं. पाटबंधारे खातं सोडून किती वर्षं झाली होती, पण वाहतं पाणी दिसलं की त्याचा वेग मोजल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नसे. शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलंही होतं, "बाबा बरे आहेत ना रे?"

एका सकाळी तुम्ही फुललेल्या चेहऱ्याने परत आलात. काठावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याशी तुमच्या कचेरीतल्या इंग्रजीत गप्पा झाल्या होत्या. "अरे, इथले कितीतरी कालवे जुन्या खोदाईवरून नेलेत म्हणे. गोरे यायच्या कितीतरी आधीची. लोखंड नाही, बैल नाही, आणि उतार बघ कसा धरलाय!" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, "नाना, इथे आधी कोणी नव्हतं. असतील थोडे शिकार करून खाणारे. तेही संपले." तुम्ही कप खाली ठेवलात. "पांझरेकाठचे आपले फड, गावाने पाटाच्या पाण्यावर मिळून कसलेली शेतं, बघून इंग्रज साहेबालाही असंच वाटलं असेल, की इथे आधी कोणी नव्हतं. तिथे सरकारचा माणूस नव्हता, पाणी वाटायला पाटकरी गावच नेमायचं. एवढा लांब कालवा म्हणजे भांडणं आलीच. वरच्याने पाणी अडवलं, खालच्याचं पीक वाळलं. ती कोणीतरी मिटवत असणार. मग इथले पाटकरी कोण होते, ते सांग." मी सांगितलं नाही, कारण माझी मीटिंग होती. जुन्या कालव्याचा एक तुकडा जपून ठेवलाय, शनिवारी नेशील का, असं तुम्ही विचारलंत. "शनिवारी बंद असतं," मी म्हणालो. त्या शनिवारी आपण आउटलेट मॉलमध्ये गेलो आणि मी तुम्हाला पांढरे बूट घेतले. ते तुम्ही इथेच विसरून गेलात. की ठेवून गेलात? पुढच्या वर्षी तुम्ही नव्हतात, त्यामुळे विचारायचं राहिलं.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता चौथीत आहे. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गाची सहल नेमकी त्या जुन्या कालव्याच्या जागी गेली आणि मुलं मोजायला मी बरोबर. बसमध्ये मी तिला माझं जुनंच ज्ञान पाजलं, की इथले मूळ लोक केव्हाच संपले, तर ती म्हणाली, "बाबा, दे आर नॉट गॉन! फ्रीवेच्या पलीकडे त्यांचंच गाव आहे. तू बुफे खायला जातोस ना त्यांच्या कॅसिनोत? देअर." मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी सगळ्यांच्या अज्ञानाची टिंगल करतो. यंदा विषय शोधायला लांब जावं लागणार नाही.

तो कालवा म्हणजे आता एक कोरडा, रुंद चर आहे, नाना. मी त्याच्या काठावर तुमच्यासारखा उकिडवा बसतो. उतार मला दिसत नाही, तुम्हाला दिसला असता. माहिती सांगणारी बाई त्याच लोकांपैकी, पिकल्या केसांची. तिला मी तुमचा प्रश्न विचारतो. ती म्हणते, तेव्हाचं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण तिच्या आजोबांच्या वेळी पाण्यासाठी गाव एक माणूस नेमायचं. गाळ काढायला सगळ्यांनी यायचं, न येणाऱ्याची पाळी शेवटी. "आजोबाच करायचे ते काम," ती हसते. "अर्धं गाव त्यांच्याशी बोलत नसे." मी मागे वळतो, तुम्हाला सांगायला. तुमच्याशीही अर्धा तालुका बोलत नसे.

हे पत्र त्या बुटांच्या खोक्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठे टाकणार? निघताना ती बाई म्हणाली, घरच्यांना घेऊन या पुन्हा, शनिवारीसुद्धा उघडं असतं. मी नवीन काही ऐकल्यासारखी मान डोलावली. मला ते माहीत होतं, नाना. तेव्हाही.