मवाबी सुनेचा आध्यात्मिक अर्थ

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून मोठं काम हाती घेतलं. मत्तयच्या शुभवर्तमानातली वंशावळ. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, असं करत थेट येशूपर्यंत. नाताळाआधीच्या रविवारी ती चर्चमध्ये वाचतात आणि आमचं अख्खं कोनित्सा गाव पेंगतं. का पेंगतं? कारण अर्थ कुणी सांगत नाही. प्रत्येक नावात आध्यात्मिक अर्थ दडलाय, तो मी काढणार. जन्मभर औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावली, हे काय अवघड!

आमचे पाद्री पापा स्ताथिस. त्यांना सांगितलं, त्या दिवशी वाचनानंतर हॉलमध्ये व्याख्यान देतो. म्हणाले, द्या की, पण लवकर आटपा, लोकांची जेवणं खोळंबतात.

बायको, अग्लाया, म्हणाली, नावांचा एवढा पुळका आलाय तर पोराला फोन करा. दोन गोष्टींचा काडीचा संबंध नाही. तसं तिला सांगितलं.

४ नोव्हेंबर
संबंध नाही हे एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. आमच्या पोराने, लाम्ब्रोसने, तीन वर्षांपूर्वी दोनिकाशी लग्न केलं. मुलगी अल्बानियाची. मी लग्नाला गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. राहतात यानेनाला, इथून तासाभरावर. नातू अजून पाहिला नाही. (अग्लायाच्या मोबाइलवर पाहिला. तिच्या खांद्यावरून, चष्म्याशिवाय. कान आमचे आहेत.)

बाप्तिस्मा होईपर्यंत पोराला नाव नसतं, नुसतं ‘बाळ’. पण आमच्यात ते ठरलेलंच असतं. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव. माझे आजोबा पांतेलिस, मी पांतेलिस, आता हा पांतेलिस. लाम्ब्रोसला फोन करावाच लागणार. तोवर मी करणार नाही. निश्चय.

९ नोव्हेंबर
यहूदाला तामारपासून पेरेस झाला. तामार ही यहूदाचीच सून. छे, हे हॉलमध्ये नको. पुढे.
फोन नाही. नेटवर्कचा घोळ असणार.

१५ नोव्हेंबर
सापडलं! बवाजाला रूथपासून ओबेद झाला. रूथ ही बाई नाहीच मुळी. रूथ म्हणजे देवाच्या शोधात घर सोडून निघालेला आत्मा. तिचा मवाब देश म्हणजे ही जड दुनिया. एका बैठकीत बारा पानं लिहिली. अंगावर काटा आला.

अग्लायाला वाचून दाखवलं. ती कांदापात चिरत होती. म्हणाली, म्हणजे परक्या देशातली सून होती ना? मी म्हटलं, अगं, हे सगळं आध्यात्मिक आहे. म्हणाली, असेल, पण तिला घरात घेतलं की नाही? मी कॉफी प्यायला बाहेर पडलो. अशा वातावरणात काम कसं व्हायचं!

२२ नोव्हेंबर
लाम्ब्रोसचा फोन आला. अग्लायाला. ११ डिसेंबरला बाप्तिस्मा. माझ्यासाठी निरोप, यायचं असेल तर या म्हणावं बाबांना. ही बोलावण्याची रीत झाली? अग्लाया म्हणाली, मी जाणार आहे, तुम्ही बसा तुमच्या आत्म्यांना घेऊन.
आज एकही नाव झालं नाही.

२७ नोव्हेंबर
कॉफीहाउसमध्ये सगळ्यांना त्सिपुरोची दारू पाजली. आमच्या पांतेलिसच्या नावाने! तिथल्या मित्राला, थोमासला, खवचटपणा केल्याशिवाय करमत नाही. म्हणे, अरे, आणि सुनेच्या बापाचं नाव ठेवलं तर? मी विचारलं, कोण तो? बस चालवतो म्हणे. नाव मला ठाऊक नाही. घरी अग्लाया सांगायला लागली तर तिला म्हटलं, नको सांगूस, माझ्या डोक्यात आधीच बेचाळीस नावं आहेत.

५ डिसेंबर
अजोर, सादोक, याखीम, एलिहूद. ही माणसं कोण होती, काय करत होती, कुणालाच माहीत नाही. बायबलमध्ये परत कुठे येत नाहीत. म्हणून मी त्यांना विशेष वेळ देतोय. विसरलेल्या माणसाचं नाव प्रेमाने घेणं हीच प्रार्थना. फार सुंदर वाक्य. व्याख्यानाचा शेवट यानेच.

११ डिसेंबर, पहाटे
जाणार. नातवासाठी. मागे उभा राहीन.

११ डिसेंबर, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
चर्चमध्ये मेणबत्त्यांपाशी उभा होतो. धर्मपित्याने तीनदा नाव उच्चारलं. पांतेलिस, पांतेलिस, पांतेलिस. मी ढसाढसा रडलो. मनात म्हटलं, बघ, शेवटी पोरगं माझंच!

नंतर जेवणं. सगळ्यांनी ग्लास उचलले तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझं नाव दिलंत, मी सगळं विसरलो, सगळ्यांना माफ केलं. अग्लायाने डोळे मिटून घेतले. लाम्ब्रोस माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, बाबा, बसा. ते नाव दोनिकाच्या वडलांचं आहे. त्यांना पांदेली म्हणतात, आपल्यात तेच पांतेलिस. गेली तीन वर्षं तेच आमच्यासोबत आहेत.

मी म्हटलं, पण माझंही तेच ना रे?
म्हणाला, हो. म्हणूनच तर ठेवायचं की नाही, यावर महिनाभर अडलो होतो.

तेवढ्यात तो पांदेली स्वतःच आला. बाळ घेऊन. हसत म्हणाला, घ्या व्याही, नातू घ्या. मी घेतलं. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की बस. दोन्ही हात पांदेलीकडे. त्याने घेतलं आणि पोर गप्प झालं.
कान आमचेच आहेत.

१८ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये वंशावळ वाचली. सगळे पेंगले. रूथचं नाव आलं आणि मला हुंदका आवरेना. बाहेर थोमास म्हणाला, काय तल्लीन झाला होतास रे! मी पापा स्ताथिसना सांगितलं, व्याख्यान नाही. म्हणाले, बरं झालं, आज थंडीही फार आहे.

घरी येऊन यानेनाला फोन लावला. दोनिकाने उचलला. मी म्हटलं, लाम्ब्रोसचा बाप बोलतोय. म्हणाली, थांबा, त्यांना बोलावते. मी म्हटलं, नको, तुझ्याशीच बोलायचंय.
ती हळूच म्हणाली, बोला ना.

मी म्हटलं, इथे थंडी फार आहे.
ती म्हणाली, इथेही आहे.
मग पलीकडे बाळ रडायला लागलं, आणि तिने फोन ठेवला.