अक्कासाठी कडूलिंबाचं कपाट

१८ ऑगस्ट
तहसीलचं काम एकदाचं उरकलं. थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या कस्तुरा अक्कानं, हक्कसोडपत्रावर सही केली. वेरूळचं वडिलोपार्जित शेत आता मी आणि धाकटा सूर्यभान अशा दोघांचंच. आमच्याकडे बहिणी अशी सही करतातच. नाही केली तर माहेर तुटतं, त्यामुळे यात वेगळं असं काही नाही. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असणार.

नंतर कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी तिला म्हटलं, माग काय हवं ते. ती म्हणाली, काही नको. पण मी असा सोडणाऱ्यातला नाही. लासूर स्टेशनला तिच्या घरी डाळीचे डबे खाटेखाली असतात, गुळाला मुंग्या, पिठाला उंदीर. सहीला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं : येत्या भाऊबीजेला अक्काला जाळीचं कपाट, माझ्या स्वतःच्या हातानं केलेलं. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

१९ ऑगस्ट
ग्राफ पेपरवर डिझाइन तयार. तीन फळ्या, खाली ज्वारीचा कप्पा, मधे मसाल्याचा ड्रॉवर, जाळीची दोन दारं. सौ. द्वारकाबाईंनी विचारलं, यापूर्वी तुम्ही लाकडाचं काय केलंय? मी सांगितलं की शाळेत असताना पाट केला होता. तो कुठे आहे, हे विचारायची गरज नव्हती.

रेडिमेड आणा की, असंही तिचं म्हणणं. रेडिमेडमध्ये भावना नसते. हे बायकांना कळत नाही.

२६ ऑगस्ट
सकाळी दाढी करताना आयडिया सुचली. धान्याला कीड लागू नये म्हणून आपण कणगीत लिंबाचा पाला घालतो. मग सगळं कपाटच कडूलिंबाचं केलं तर? कीड नाही, मुंगी नाही, पुन्हा पाला घालायची कटकट नाही. इतक्या पिढ्यांत हे कुणालाच कसं सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

सूर्यभानला फोन केला. तो म्हणाला, बांधावरच्या लिंबाची सावली कपाशीवर पडते, मी तसंही ते झाड तोडणारच होतो. घरच्या शेतातलं लाकूड, घरच्या भावाचे हात. अक्का रडणार हे नक्की.

६ सप्टेंबर
फळ्या कापून आल्या. टेम्पोवाल्यानं त्या जिन्यातच टाकल्या. खालच्या मजल्यावरचे तात्यासाहेब अडखळून पडले आणि बरंच बोलले. मी मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

कोपऱ्यावरचा बद्रीनाथ सुतार मुद्दाम वर येऊन गेला. फळीवर नख दाबून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, “साहेब, हे लाकूड लई ओलं हाय. सहा महिने सावलीत पडू द्या, मग हात लावा.” भाऊबीज सहा महिने थांबत नाही असं मी त्याला सुनावलं. धंद्यातला माणूस, हौशी माणूस पुढे गेलेला त्याला बघवत नाही.

१२ सप्टेंबर
गच्चीवर शुभारंभ. नारळ फोडला. नारळ नीट फुटला. मग अंगठा.

१३ सप्टेंबर
विश्रांती.

१४ सप्टेंबर
विश्रांती. पण डोक्यात काम चालूच आहे.

२१ सप्टेंबर
एक फळी आखूड कापली गेली. तिच्या मापानं बाकीच्याही कापल्या, म्हणजे सगळं सारखं. कपाट थोडं अरुंद होईल. अक्काचं स्वयंपाकघर तरी कुठे मोठं आहे?

२ ऑक्टोबर
सुट्टी. कपाट उभं राहिलं! दोन्ही दारं लागतात. ड्रॉवर सरकतो. शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावून चहा दिला. तात्यासाहेब आले नाहीत. सूर्यभानला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, बरं.

रोज एक तास दिला तर माणूस काहीही करू शकतो. ऑफिसातल्या लोकांना यावर दोन शब्द सांगावेत असा विचार आहे.

९ ऑक्टोबर
डावं दार लागत नाही. ऊन वाढलंय, त्याचा परिणाम. रंधा मारून बसवलं.

११ ऑक्टोबर
आता उजवं लागत नाही. रंधा.

१३ ऑक्टोबर
आता दोन्ही लागतात, पण मधे फट राहते. फटीतून माझी चार बोटं जातात. हवा खेळती राहील. धान्याला हवा लागतेच.

१६ ऑक्टोबर
मागच्या फळीला पीळ बसलाय. कपाट तीन पायांवर उभं आहे. चौथ्याखाली वहीचा पुठ्ठा दिला. बद्रीनाथ रस्त्यावरून वर बघून हसला. किंवा दुसऱ्या कुणाकडे बघून हसला असेल, पण रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

मनस्ताप. या घरात मला एक माणूस सपोर्ट करत नाही. सौ.ला म्हटलं, निदान चांगलं तरी म्हण. ती म्हणाली, चांगलं. ज्या सुरात म्हणाली त्यापेक्षा न म्हटलेलं बरं.

२० ऑक्टोबर
ट्रायल सुरू. सौ.नं दिवाळीच्या लाडवांसाठी दळून आणलेलं बेसन आणि रवा कपाटात ठेवला. तिला विचारलं नाही, सरप्राइज.

२६ ऑक्टोबर
ट्रायलचा निकाल : मुंगी एकही नाही. शंभर टक्के यशस्वी.

मात्र काल केलेले बेसनाचे लाडू कडू झाले. कडू म्हणजे थोडे नाही. सौ.नं पहिला लाडू तोंडात घातला आणि तशीच मोरीकडे गेली. मी एक पूर्ण खाल्ला, तत्त्व म्हणून. संध्याकाळपर्यंत जिभेला दुसरी चव कळली नाही. कडूलिंब रक्तशुद्धीला चांगला असतो असं मी सांगायला गेलो, पण तोवर तिनं सगळी परात गच्चीवर नेऊन कपाटासमोर ठेवली होती. सकाळपर्यंत पाखरांनीही तोंड लावलं नाही.

२७ ऑक्टोबर
उपाय सापडला. ऑइल पेंट. वास आत कोंडला जाईल. दोन हात आकाशी मारला.

३१ ऑक्टोबर
ओल्या लाकडावर पेंट वाळत नाही. हात लावला की बोटाला येतो. आता पेंटचाही वास आहे आणि लिंबाचाही. कुणी मला सांगितलं असतं की ओल्या लाकडावर पेंट मारू नये, तर मी मारला नसता. कुणी सांगत नाही हाच इथला प्रॉब्लेम आहे.

४ नोव्हेंबर
बद्रीनाथची किरकोळ मदत घेतली. त्यानं दारं, बिजागऱ्या, मागची फळी, पाय आणि ड्रॉवर नव्यानं केले. बाकी सगळं माझंच.

९ नोव्हेंबर
उद्या भाऊबीज. टेम्पो ठरवला. आज बारकाईनं पाहिलं तर ड्रॉवर बाहेर येत नाही. अक्काला सांगेन की तो शोभेचा आहे. काही असलं तरी तीन महिने मी या माणसासाठी घाम गाळलाय. तिला कळेल, तिच्या भावांनी सही नुसती घेतली नाही.

१० नोव्हेंबर, भाऊबीज. दुपार, लासूर स्टेशन
हे अक्काच्या ओट्यावर बसून लिहितोय. टेम्पोवाला चहा प्यायला गेलाय.

ओवाळणं छान झालं. अक्कानं माझ्या आवडीची पुरणपोळी केली होती. मग मी कपाटावरची चादर काढली. अक्का बराच वेळ बघत राहिली. जाळीवरून हात फिरवला, बोट आकाशी झालं, पदराला पुसलं. मग दार उघडून आत वास घेतला आणि विचारलं, लाकूड कुठलं? हीच वेळ म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं, आपल्याच शेतातलं, बांधावरच्या लिंबाचं.

ती खाली बसली. मला वाटलं, आता रडते. ती रडली नाही.

म्हणाली, “त्रिंबक, तो कागद तू वाचला व्हतास का? मला वाचून दाखवला त्या साहेबानं. जमीन, विहीर, बांधावरची झाडं, कशावरच माझा हक्क नाय, असं लिव्हलंय त्याच्यात. त्याच्याखाली सही केली म्या. आता त्यातलंच झाड तोडून मला आणून देतूस व्हय?”

मी म्हटलं, अक्का, प्रेमानं केलंय.

“केलं असशील,” ती म्हणाली. “पर सही करायच्या आधी, करू का नगं, असं तुमच्यातल्या एकानं तरी मला इचारायचं व्हतं. काय पायजे त्ये इचारलंस, ह्ये नाय इचारलंस.”

मग तिनं मला आणखी एक पोळी वाढली. वर तूप घातलं. मी खाल्ली, काय करणार, भाऊबीज होती. टेम्पोवाल्याला तिनंच सांगितलं, खाली उतरवलेलं परत वर चढव.

११ नोव्हेंबर
कपाट घरी आलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून जात नाही. गच्चीवर ठेवलं.

दिवसभर ऑफिसात लक्ष नव्हतं. अक्का बोलली त्यात एक शब्द खोटा नव्हता. मला माझी लाज वाटते. हे असं मी या वहीत कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ठरवलं, आजच सोक्षमोक्ष लावायचा. सूर्यभानला फोन केला. म्हटलं, अक्काचा वाटा आपण तिला परत देऊ, कागद बदलून घेऊ, मी उद्याच रजा टाकतो. तो म्हणाला, “दादा, तुमचं बरंय, तुमाला पगार हाय.”

मी म्हटलं, हो, तेही खरंच आहे. मग कपाशी कशी आहे ते विचारलं.