गावदेवीसमोर थांबणारी गाडी

सोनिवली, बदलापूर
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय राजेंद्रराव,

सप्रेम नमस्कार. नीलिमाताईंना वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितकाच वाकलो आहे, उरलेला त्यांनी समजून घ्यावा). नाशिकची हवा मानवते आहे ना? तुमचा बीपी, ताईंची कंबर आणि गच्चीतला द्राक्षवेल, तिघांची खुशाली कळवावी. इकडे सगळे ठीक. पद्मजा रोज आपल्या ताईची आठवण काढते. राजसी बाळंतपणासाठी आलेली आहे ती अजून इथेच आहे, आणि नात अगदी तुमच्या वळणावर गेली आहे, म्हणजे दुसऱ्याला बोलू देत नाही (रागावू नका, कौतुकानं लिहितोय). तुम्ही गाडी घेतल्याचं कळलं, फोटोही पाहिला. मनापासून अभिनंदन. रुपेरी रंग तुमच्या फाटकासमोर शोभून दिसतो. तिच्याविषयी ओघानं येईलच, पण आधी आमच्या गाडीची हकिगत ऐकून घ्या. साडूनं साडूचं ऐकायचं नाही तर कुणी ऐकायचं?

तुम्हाला आठवत असेल, मी नवी गाडी घेतोय म्हटल्यावर तुम्ही म्हणाला होतात की नवी घेणारा खुळा आणि त्याच्याकडून वर्षभरानं घेणारा शहाणा. मी मनातल्या मनात हसलो होतो. सगळी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग तपासण्यात गेली. पास झालेल्या मालावर शिक्का आणि रिजेक्ट मालावर हातोडा, ही आमच्या खात्याची रीत (रिजेक्ट तुकडा तिथल्या तिथे फोडावा लागतो, नाहीतर तो मागच्या दारानं जाऊन दुसऱ्याच्या पंपात बसतो). अशा माणसाला कोण फसवणार? पण शोरूममध्ये शिरलो आणि माझी तपासनिसाची नजर दारातच गळून पडली. ती काच, ती थंडी, तो मखमली पडदा. पडदा दूर झाला आणि आमची रुपेरी गाडी दिसली तेव्हा मी नकळत चपला काढल्या. पद्मजानं डोळ्यांनीच मला त्या परत घालायला लावल्या. राजसीचे दिवस भरत आले की तिला हॉस्पिटलात रिक्षानं न्यावं लागू नये, एवढ्यासाठी गाडी घेतली होती. सीटकव्हरं मात्र पद्मजानं उल्हासनगरात स्वतः उभं राहून शिवून घेतली. राखाडी कापडाला मोरपंखी किनार. दुकानातले सिंधी गृहस्थ कळवळून म्हणाले, "भाभी, ये कलर आजतक कोई नहीं ले गया." तिनं तोच घेतला.

गाडीला दोन महिने व्हायच्या आत ती पहिल्यांदा थांबली. आमच्या रस्त्याला गावदेवीचं छोटं देऊळ आहे आणि देवळासमोर गावकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर घातलेला एक गतिरोधक आहे (सरकारी नव्हे, त्यामुळे मजबूत). त्यावरून पलीकडे उतरलो आणि गाडी थरथरली. समोरचे झाडून सगळे दिवे लागले, हिरवे, पिवळे, लाल, आणि इंजिन बंद. स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. थोडा वेळ गेला आणि चावी फिरवताच ती काही झालंच नाही अशी सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तिथेच, तसंच. देवळाबाहेर भाजी घेऊन बसणारी बनूबाई हे सगळं बघत होती. देवळाची झाडलोट तिच्याकडेच असते. ती उठून आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात जोडून म्हणाली, "गारीच्या अंगान येतं, साहेब."

आता काय सांगू तुम्हाला. गाडीच्या अंगात येतं म्हणे. मी इंजिनिअरिंगचा माणूस, पण ती दिवे लावून थरथरणारी गाडी मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येईना. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा चार बायका ओटी घेऊन उभ्या होत्या. मी बॉनेट उघडून आत काय सुटलंय ते बघत होतो, तेवढ्यात बनूबाईनं माझ्या काखेखालून हात घालून बॅटरीच्या मागे हळदीचा मळवट भरला. पुढेपुढे तर आमच्या सोसायटीतले लोकही मुलाच्या परीक्षेच्या दिवशी विचारायला लागले, काका, आज गाडी काढणार का, दर्शन झालं असतं. आयुष्यात प्रथमच माझी एखादी वस्तू लोक हात जोडून बघत होते. मला ते आवडत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

वर्कशॉपवाल्यांचं मात्र वेगळंच दैवत. तिथली फरशी आमच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. जितेश नावाचा हसतमुख तरुण गाडीला एक वायर लावतो, टॅबवर बघतो आणि म्हणतो, "सर, सिस्टममध्ये सगळं ओके दाखवतंय." मी म्हटलं, गाडी थांबते. तो म्हणाला, "हो सर, पण सिस्टमला तसं वाटत नाही." त्या उत्तरापुढे मी नतमस्तक झालो. प्रत्येक खेपेला गाडी धुऊन-पुसून परत मिळायची आणि सोबत जॉबकार्ड, त्यावर छापील ओळ, दोष आढळला नाही. मी ती कार्डं फेकणार होतो. पद्मजा एकेक जपून ठेवत गेली.

मग आनंदनगरचा तो दिवस. राजसीला तपासणीहून घरी आणत होतो, सातवा संपून आठवा लागलेला. आनंदनगर एमआयडीसीच्या उतारावर, जिथे देऊळ नाही, देव नाही, साधा दगडही नाही, तिथे एका खड्ड्यातून बाहेर पडताना गाडी थरथरली, दिवे लागले आणि रस्त्याच्या मधोमध मेली. मागे केमिकलचा टँकर. आरशात मला फक्त त्याचा बंपर दिसत होता आणि तो मोठा होत चालला होता. राजसीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. टँकर थांबला तेव्हा मधून माणूस आडवा गेला असता एवढीच जागा उरली होती. ड्रायव्हर खाली उतरला, शिव्या द्यायला तोंड उघडलं, मागच्या सीटवर राजसीला पाहिलं आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली. राजेंद्रराव, त्या दिवसापासून मी त्या गाडीचा भक्त राहिलो नाही.

पद्मजा दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागली. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई कायदा वाचताना कधी पाहिली नव्हती. मी कांदा चिरायचा आणि तिनं मला समजावायचं. दोष वारंवार येत असेल आणि दुरुस्त होत नसेल तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील नसला तरी चालतं. आणि दोष आढळला नाही असं लिहिलेली ती कार्डं हाच आपला पुरावा, कारण निरोगी माणूस सारखा सारखा दवाखान्यात जात नाही. मी चिरता चिरता थांबलो. आजवर मला कुणी साहेब म्हटलं, कुणी काका म्हटलं, पण कायद्यानं इतक्या आदरानं 'ग्राहक' म्हटल्यावर छाती जरा पुढे आली.

ठाण्याला ग्राहक आयोगात तक्रार गेली. आयोगानं आधी मध्यस्थीला बसा म्हटलं. कंपनीकडून टायवाले एक अधिकारी आले. त्यांचं म्हणणं, गाडी निर्दोष आहे, तक्रारदारानं इंजिनात हळद-कुंकू घातल्यानं ती थांबते, सबब वॉरंटी बाद (सोबत हळदीचे रंगीत फोटो, अप्रतिम आले होते). पण पद्मजानं साक्षीला बनूबाईला आणलं होतं. बनूबाई साक्ष द्यायला नव्हे, देवीचा महिमा सांगायला आली होती. मध्यस्थ बाईंनी विचारलं, हळद आधी की थांबणं आधी? ती म्हणाली, "गारी थांबली म्हनून हलद लावली. हलद लावली म्हनून गारी नाय थांबली." टायवाले खूश होऊन पुढे झुकले. म्हणजे ती दर वेळी देवीसमोरच थांबते ना? म्हणजे देवीमुळे? बनूबाई म्हणाली, मंग काय तर. ते मध्यस्थ बाईंकडे वळून म्हणाले, बघा मॅडम, दोष गाडीत नाहीच. बाईंनी चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ठीक आहे, तुमच्या कंपनीची गाडी गावदेवीच्या इच्छेनं बंद पडते, एवढं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. मग या आनंदनगरच्या जॉबकार्डाकडे वळू, तिथली देवी कोणती तेही लिहा. टायवाल्यांनी पाणी मागितलं. मग ते फोन करायला बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते गाडी बदलून देतो असं सांगतच. मी पद्मजाकडे पाहिलं. ती जॉबकार्डं पिशवीत भरत होती, भाजी भरावी तशी. मला तिला नमस्कार करावासा वाटला आणि मी तो केलाही (टेबलाखालून).

परत येताना बनूबाईनं विचारलं, देवीनं गारी थांबवली का नाय थांबवली, खरं सांगा. मी तिला सांगितलं तेच तुम्हाला लिहितो. गाडी कशानं थांबायची त्याचा मला अंदाज आहे, बॅटरीमागचा एक जोड हादऱ्यानं सुटत असणार. टँकर कशानं थांबला ते मला अजून कळलेलं नाही. बनूबाईला तेवढं पुरलं.

नवी गाडी पांढरी आहे. राजसी आणि बाळ तिच्यातूनच घरी आले. गावदेवीसमोरचा गतिरोधक ती लोण्यासारखी ओलांडते, थांबत नाही. मी थांबवतो. बनूबाई एक जास्वंदीचं फूल आणून देते, बॉनेटच्या बाहेर ठेवते आणि आम्ही निघतो. जुनी रुपेरी कंपनीचे लोक घेऊन गेले, कारखान्यात तपासणीला जाईल म्हणाले. मी मान डोलावली. हातोडा कुणाच्या हातात आहे हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. ताईंनी कंबर शेकावी.

आपला साडू,
देवदत्त

ता. क. हे पत्र टपालानं न पाठवता जावयाच्या, समीरच्या, हाती पाठवतोय. तो आजच पोचेल. आधी फोन केला होता, पण प्रत्येक वेळी तुम्ही गाडीचं ॲव्हरेज सांगत राहिलात, आणि मधे बोलण्याची आपल्या घरात पद्धत नाही.

ता. क. २. तुमच्या गाडीचा फोटो पद्मजानं काल मोठा करून पाहिला. नंबरप्लेटवर तुम्ही झेंडूचा हार घातला आहे, त्यामुळे नंबर दिसत नाही. कागद अजून एजंटकडे आहेत असं ताई म्हणत होत्या. "एकाच हातची, रिटायर्ड ऑफिसरची, फारशी न वापरलेली" असं तुम्हाला सांगितलं गेलं म्हणे. मागच्या काचेतून सीटकव्हर दिसतं. राखाडी आहे. किनार मोरपंखी.

ता. क. ३. म्हणून विनंती एवढीच, की समीरसमोर बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या मागे बोट फिरवा. बोट स्वच्छ आलं तर हे पत्र फाडून टाका आणि मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. पिवळं आलं तर समजा की तिथवर अजून कुणाचा हातच पोचलेला नाही, ना पान्याचा ना फडक्याचा. मग चावी समीरकडे द्या आणि ताईंना त्या गाडीत बसवू नका, शपथ आहे माझी. दोष लपवून विकणाऱ्यालाही कायदा सोडत नाही असं पद्मजा म्हणते. तिच्याकडची जॉबकार्डं तुमचीच समजा. साक्षीला मी येतो.

ता. क. ४. बनूबाईही येते म्हणाली आहे. गाडी नाशकात असावी असं तिला सांगितलं तर तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तिनं एवढंच विचारायला सांगितलंय, की तिकडे ती कुठल्या देवीसमोर थांबते.