मम्मीच्या बाजूचा पाटा

तर पप्पा, ते रुंद टायर मी शेवटी काढून टाकले. तुम्ही असते तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते, "माय, हे परतूर हाय," आणि पाठ करून चहाला आत गेले असते. तुमचं रागावणं तेवढंच असायचं, एक वाक्य आणि मंग पाठ. पण तुम्ही नव्हते, आणि मला थांबवणारं दुसरं कोणी नव्हतं. इंग्लिश मॅगझिनं बघून बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून चालली पाहिजे, टायर आणि मडगार्डच्या मधी बोटसुद्धा जाता कामा नये. आणि आपली गाडी? लाल रंगाची, दोन सीटची, उघड्या टपाची, थेट विलायतेत बनलेली, आणि उभी कशी, तर चिखलातून जाताना साडी वर धरलेल्या बाईसारखी. शाळेत पोरं विचारायची, "तुझ्या पप्पांची कार आहे का ट्रॅक्टर?" तुम्ही एकटे जिनिंगला निघाले की ती उजवीकडे जराशी झुकायची, म्हणून वर आणखी, "पप्पा जाड आहेत का गं तुझे?" मी इंग्लिश मिडियमची, मला उत्तर इंग्लिशमध्ये सुचायचं, आणि ते सुचेपर्यंत पोरं पार गल्लीच्या टोकाला गेलेली असायची.

गाडी घरी आली तो दिवस मला आठवत नाही, मी फार लहान होते. पण मम्मीनं इतक्या वेळा सांगितलाय की बघितल्यासारखाच झालाय. जिनिंगच्या मालकांच्या कोण्या काकांनी ती हौसेनं हैदराबादहून आणल्ती, आणि काका गेल्यावर ती गोडाऊनमध्ये कापसाखाली दबून गेल्ती. मालक म्हणाले, "मॅनेजर साहेब, न्या हे लोढणं, मला गठाणी ठेवायला जागा पाहिजे." तुम्ही ती बैलगाडीच्या मागं दोरानं बांधून आणली. सीटच्या आत उंदरांनी कापसाची घरं केल्ती. आजही जोरात बसलं की शिवणीतून एखादा पुंजका उडतोच. चाकं तारांची होती, सायकलीसारखी, आणि आपल्या रस्त्यांवर ती दर फेरीला दोन-चार तारा तोडून घरी यायची. मंग तुम्ही साधी लोखंडी चाकं बसवली, पुढच्या स्प्रिंगांखाली पॅकिंग दिलं, मागं कमानीत एक पाटा, म्हणजे स्प्रिंगची लोखंडी पट्टी, वाढवला आणि गाडी चार बोटं वर उचलली. काढलेली चाकं तुम्ही भंगारात द्यायला निघाल्ते, तर मम्मी म्हणाली, "एवढं जाळीदार चांगलं, फेकता कशाला?" तिनं ती भिंतीला टांगली आणि त्यावर कारल्याचा वेल सोडला. विलायती चाकांवरची कारली सगळ्या गल्लीनं खाल्ली.

मला खरी आठवते ती मेथीची दुपार. गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी. तुम्ही गाडीखाली, नुसते पाय बाहेर. उजव्या सीटवर तुमच्या वजनाचं सरकीचं पोतं, डावीकडच्या सीटवर मम्मी बसलेली, मांडीवर परात, परातीत मेथी. मी पायरीवर बसून होमवर्क करतेय, म्हणजे करत नाहीये, तुमचं दोघांचं ऐकतेय.

"अहो, किती येळ बसू? भाकरी टाकायच्यात मला."

"बस थोडी. आन् हलू नको."

"मेथी बी निवडू नको का?"

"निवड. पण देठं खाली टाकू नको, माझ्या डोळ्यात पडून राह्यलेत."

"मंग माझ्या जागी बी सरकीचं पोतं ठेवा की."

"ठेवलं असतं. किती भरायचं ते तू सांगत न्हाईस."

"जिनिंगच्या काट्यावर चढ म्हणता. मी काय कापसाची गाडी हाय का?"

तुम्ही खालूनच हसताय, आणि तुमच्या हसण्यानं पाय हलतायत. मंग बाहेर येता, हात पँटला पुसता, आणि डाव्या टायरवर चार बोटं आडवी ठेवता, मडगार्डच्या खाली. मंग उजवीकडे जाऊन तशीच. पुन्हा डावीकडे. "बिलकुल बराबर," म्हणता. मम्मी परात घेऊन उतरते, आणि मी पळत जाऊन तिच्या जागेवर उडी मारते. तुम्ही वळून बघता आणि म्हणता, "उतर. ती सीट मम्मीच्या मापाची हाय." एक वाक्य आणि पाठ. मी तेव्हा खूप रडले पप्पा. मला वाटलं, ह्या घरात दोघांचीच गाडी आहे आणि मी पाहुणी. संध्याकाळी तुम्ही खिशातून टायरची हवा बघायचा गेज काढून माझ्या हातात ठेवला. "आजपासून हवा तू बघायची," म्हणाले. माझ्या वर्गातल्या मुलींकडे बाहुल्या होत्या. मी गेज गळ्यात बांधून शाळेत गेले.

तुम्ही गेले तेव्हा मी आठवीत होते. गाडीला विटा लावून ताडपत्री टाकली. मम्मीनं ती कधी विकली नाही, आणि कधी तिच्यात बसलीही नाही. मी इंजिनियरिंग करून औरंगाबादला नोकरीला लागले, दर शनिवारी रेल्वेनं परतूरला येऊन इंजिन चालू केलं, ब्रेक केले, पोलिसांच्या ग्राउंडवर चकरा मारल्या. सगळं शेजारपाजार येऊन बसून गेलं. मम्मी ओट्यावरून बघायची. "तू चालव बाई. दोघांची गाडी हाय ती, मी काय करू त्यात?" टेंभुर्णीला माहेरी जायचं तर ती अजून बसनंच जाते, जालन्याला उतरून, पिशव्या सांभाळत. शुगर झाल्यापासून तिला उभं राहवत नाही, पण बस ती बस. मला एवढंच पाहिजे होतं, की तुम्ही तिला न्यायचे तसं मी तिला ह्या गाडीतून टेंभुर्णीला न्यावं. आणि मला वाटलं, गाडी सुंदर केली तर ती बसेल.

म्हणून पुण्याहून ते चकचकीत अलॉय व्हील आणि रुंद टायर. तुमचं सगळं पॅकिंग, सगळे पाटे काढले, गाडी खाली बसवली. दिसायला काय दिसत होती म्हणून सांगू! मम्मी बाहेर येऊन बघून म्हणाली, "बसली की गं खाली. आजारी हाय का?" तरी मी पहिल्याच रविवारी घनसावंगीच्या रस्त्याला घेऊन गेले. वळणावर टायर मडगार्डला घासायचा, करवतीसारखा आवाज. पुढे उसाच्या गाड्यांनी रस्त्यात चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधी उंचवटा राहिलेला. त्या उंचवट्यावर आपली विलायती बाई पोटावर बसली. ऑइलचं चेंबर फुटलं. उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून मी परत आले, ट्रॉलीतल्या बाया मागं वळून वळून बघत होत्या. एकीनं तर ऊस सोलून दिला. "खा माय, येळ जायचा हाय," म्हणाली.

मंग मी चाचांना बोलावलं. स्टँडजवळचे, पाट्यांचं काम करणारे, तुम्ही जिनिंगची जीप घेऊन त्यांच्याकडेच जायचे. चेंबर नवं बसवलं, जुनी लोखंडी चाकं आणली. तुमचे पाटे मी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले होते, डावे वेगळे, उजवे वेगळे. चाचांनी अंगणात ते मांडले आणि थांबले. डावीकडे एक पाटा जास्त होता. स्प्रिंगखालचं पॅकिंगही डावीकडचं जाड.

"बेटा, हे गलत झालं साहेबांकडून," चाचा म्हणाले. "एका बाजूला एवढं कडक केलं तर गाडी तिरपी उभी राहनार. हा एक्स्ट्राचा काढून टाकतो."

मीही हो म्हटलं. खरं सांगू, मला बरंच वाटलं, की झुकायची ती ह्याच्यामुळं, तुम्ही जाड नव्हते. तेवढ्यात मम्मी चहा घेऊन आली. खाली मांडलेले पाटे बघून तिनं कपबशा तशाच धरल्या.

"तो कुठं चालवला?"

"काढतोय मम्मी, जास्तीचा आहे तो."

"जास्तीचा न्हाई. माझा हाय तो." आणि मंग चाचांकडे वळून, जरा लाजूनच, "भाईसाब, ह्यांनी माझ्या वजनाला टाकल्ता. मी बसले की गाडी बराबर व्हायची. मला घेऊनच फिरायचं म्हणायचे, मंग एकट्याच्या मापानं कशाला करू."

मेथी, पप्पा. इतक्या वर्षांनी मला ती मेथी समजली. आणि तुमचं "उतर" पण.

चाचांनी एक्स्ट्राचा पाटा परत ओळीत ठेवला. सगळे पाटे होते तसे चढवले, पॅकिंग दिलं, चाकं लावली, जॅक काढला. गाडी उभी राहिली, डावीकडून उचललेली. मी तिला बस म्हटलं नाही. घाबरले होते, म्हटलं तर आत निघून जाईल. तीच पदर खोचत आली, दरवाजा उघडला, आधी बसली, मंग पाय आत घेतले, जसं तुम्ही तिला शिकवल्तं. सीटमधून एक पुंजका उडाला. गाडी डावीकडे हळूच खाली आली. मी उजवीकडे बसून बघितलं, माझं वजन पुरेना, म्हणून उतरले आणि चाचांना माझ्या जागेवर बसवलं, अंगानं ते तुमच्यासारखेच आहेत. आणि खाली बसून टायरवर बोटं ठेवली. उजवीकडे चार. डावीकडे चार बोटं ठेवूनही वर फट राहत होती. अजून एक बोट सहज गेलं असतं.

पप्पा, ती किती वाळलीये ते मला त्या दिवशी दिसलं. दर शनिवारी जेवायला समोर बसते, तरी दिसलं नव्हतं. शुगरनं तिचं सगळं अंग गेलंय. तुम्ही ज्या बाईच्या मापानं ती गाडी केली, ती आता तेवढी राहिली नाही.

"झाली का बराबर?" वरून तिनं विचारलं.

माझी मान खालीच होती. मी म्हटलं, "झाली मम्मी. बिलकुल बराबर."

चाचा स्टीअरिंगवर बसून माझ्याकडे बघून राह्यलेले. त्यांना खाली न बघताही कळलं असणार, त्यांचा जन्म त्याच्यात गेलाय. ते म्हणाले, "बिलकुल, भाभी. साहेबांचा हात होता तो." आणि चहा मागितला.

आता माझं काम ऐका. दुसऱ्या दिवशी मी ढेपेच्या दुकानातून सरकी आणली, कॅनव्हासच्या जाड पिशवीत भरली आणि मम्मीच्या सीटच्या मागं दाबून बसवली. थोडी थोडी टाकत, पुन्हा पुन्हा बोटं लावून बघत, फट जाईपर्यंत. मम्मीनं विचारलं तर सांगितलं, टूल आहेत. मंग आम्ही टेंभुर्णीला गेलो. तिनं डोक्याला स्कार्फ बांधला, कानावरून, घट्ट. जालन्यापर्यंत ती नुसता रस्ता बघत होती. पुढे रस्ता खराब लागला तेव्हा मला म्हणाली, "इथं तुझे पप्पा गिअर बदलायचे," आणि मी बदलला. प्रत्येक खड्ड्याच्या आधी ती सवयीनं अंग जरासं उचलते सीटवरून, तुम्हाला माहीतच असेल. गाडी सरळ चालत होती पप्पा, एवढी सरळ, की मी एकदा एका हातानं चालवून बघितली आणि शिव्या खाल्ल्या. टेंभुर्णीत मामा बाहेर आले, गाडी बघून म्हणाले, "आला का ट्रॅक्टर!" आणि मम्मी एवढी हसली, की तिला उतरायला हात द्यावा लागला.

हे पत्र मी पुढच्या कप्प्यात ठेवणार होते, पण त्यात आता तिची बडीशेप, चष्मा आणि गोळ्या असतात. म्हणून माझ्या सीटखाली सारून ठेवते. एका कागदानं गाडी काय झुकणार आहे. अजून एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मला त्या पिशवीत आणखी दोन ओंजळी टाकाव्या लागल्या. चाचा म्हणतात, पाटा काढून टाकू, आत्ताच्या वजनाला करू, दोन तासांचं काम. माझ्यानं होत नाही.

आणि परवा ढग आले, तर मम्मी ओट्यावरून म्हणाली, "सीटमागची पिशवी घरात घे गं, भिजंल."

मी म्हटलं, "टूलला काय होतंय मम्मी?"

"लोखंड गंजत न्हाई का?" म्हणाली आणि आत गेली. पाठ करून, तुमच्यासारखी.

पण ती जिनिंगच्या मॅनेजरची बायको आहे पप्पा, सरकीचा वास तिला झोपेतही कळतो. आणि टूल असते तर टेंभुर्णीच्या रस्त्यावर वाजले नसते का? तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तुम्हीच सांगा, तिला कळलं असेल का हो?