ठकीची प्लीहा

४ फेब्रुवारी

ठकीला पुन्हा रक्त चढवलं. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा. सात वर्षांची पोर, डोळे पिवळेजर्द, पोट डाव्या बाजूला टणक. माझी आई म्हणाली, "आमच्या घरात असलं कधी नव्हतं हो!" म्हणजे कुणाच्या घरात होतं, तेही न बोलता बोलून गेली. ही मान खाली घालून चादरीच्या घड्या घालत राहिली. मी काय केलं? कप उचलून आत नेले. वा रे नवरा!

९ फेब्रुवारी

निदान झालं. डॉक्टरबाईंनी पेनानं चित्र काढून दाखवलं. रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असतात, ठकीच्या चेंडूसारख्या गोल. म्हणून डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेच्या चाळणीत अडकतात, तिथेच फुटतात. "हे बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. तुमच्यापैकी कुणाची प्लीहा काढलीय?"

"नाही," ही म्हणाली.

शर्टाच्या आत वीतभर व्रण, आणि मी भिंतीवरचा वजन-उंचीचा तक्ता वाचतोय!

१० फेब्रुवारी

इथे तरी लिहितो. आठ वर्षांचा असताना माझी प्लीहा काढली. आई म्हणते, जिन्यावरून पडलास, फुटली. आत्या मात्र एकदा भांडणात बोलून गेली होती — "पडतोय कसला! रक्तच खराब पोराचं." मला पडल्याचं काही आठवत नाही. लग्नाआधी हिला सांगितलं, आतड्याचं ऑपरेशन होतं. खरं सांगितलं असतं आणि तिनं नाही म्हटलं असतं तर? एवढंच कारण. एवढंसं.

१३ फेब्रुवारी

दुकानात चष्म्याच्या दोन काचा घासताना बिघडवल्या. मालकानं नव्या काचा पुढे सरकवल्या. तेच जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी

ही आज रडली. "आईंचं खरं असेल का रे? माझ्यामुळेच असेल ना?" मी पाठीवरून हात फिरवत राहिलो.

२० फेब्रुवारी

सांगितलं. अखेर.

डॉक्टरबाई ऑपरेशन समजावत होत्या. "पूर्वी आम्ही सगळीच काढायचो. पण प्लीहा जंतूंशीही लढते. सगळी गेली की साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो. म्हणून हिची थोडी ठेवू. पाव भाग. पेशी फुटणं कमी होईल आणि राखणही राहील."

साधा ताप! तोंडातून निघूनच गेलं — "माझी सगळी काढलीय."

त्यांचं पेन थांबलं. "लशी घेतल्यात?"

"नाही."

मग अशी काही खरडपट्टी काढली माझी! आणि दोघांचंही रक्त तपासायला घेतलं.

घरी दाराला किल्ली लावताना ही म्हणाली — "इतके दिवस मी ऐकून घेत होते. तू समोर बसून होतास."



२६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. साडेतीन तास. बाकावर आमच्या दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा. आई शेजारच्या बाकावर.

शुद्धीवर येताच ठकी म्हणाली, "बाबा, किती ठेवली?"

"पाव."

"मग बाकीची कुठेय? मला बघायचीय!"

ही हसली. माझ्याकडे न बघता.

३ मार्च

ठकी घरी. डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय, रक्त टिकतंय. माझ्या दोन्ही दंडांत लशीच्या सुया. हिचं माझ्याशी बोलणं फक्त औषधांच्या वेळांपुरतं. बरोबरच आहे.

७ मार्च

रिपोर्ट आले. माझं रक्त निर्दोष. मी खरोखरच पडलो होतो! दोष हिच्याकडून. इतका सौम्य की तिला कधी कळलाच नाही. ऐकताक्षणी मला हायसं वाटलं. हायसं! हिचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि मला हायसं! काय लायकीचा माणूस मी.

संध्याकाळी आईचा फोन. "कळलं का, कुणाकडून आलं ते?"

"माझ्याकडून," मी म्हणालो.

हिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "नाही हो आई," ती म्हणाली, "माझ्याकडून."