जिन्यावरचा माणूस

वॉशिंग्टन, ९ फेब्रुवारी

लविनियाताई, तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तू विणलेले मोजे घालूनच अध्यक्षांच्या दारावर उभा असतो. तुझा गुडघा कसा आहे?

काल अध्यक्ष हॉलिस्टरसाहेबांनी नव्या कायद्यावर सही केली. आता सरकारी नोकरी परीक्षा देऊनच मिळणार. जावयाला सांग, गणिताचं पुस्तक शोधून ठेव! गंमत म्हणजे साहेब स्वतः वशिल्यानं नोकऱ्या वाटत वर आलेले. पक्षातले जुने दोस्त जाताना ओरडले, "आमच्या खांद्यावर चढलात आणि आमच्याच डोक्यावर पाय दिलात?"

ते गेल्यावर साहेब माझ्यापाशी थांबले. "ऑरिन, तो माणूस या जिन्यावर किती दिवस बसला होता रे?"

"चार महिने, साहेब."

तोच, नोकरी मिळाली नाही म्हणून आधीच्या अध्यक्षांना गोळी घालणारा. त्या गोळीमुळेच साहेब उपाध्यक्षाचे अध्यक्ष झाले.

त्यांना बोललो नाही, ते तुला सांगतो. तो रोज सकाळी माझ्या हातात चिठ्ठी द्यायचा. मी चिरूट देणाऱ्यांच्याच चिठ्ठ्या आत न्यायचो. त्याची एकदाही नेली नाही.

त्याला फाशी झाली, आता जिना रिकामा असतो. तरी सकाळी दार उघडलं की माझा हात आपोआप पुढे होतो, ताई, आणि कुणीतरी त्यात चिठ्ठी ठेवतं.

तुझा,
ऑरिन